आईचे दहा मणी: सोलापूरहून मोडनिंबपुढे, पायी

"तू जा. मी हितं पडल्या पडल्या माळ म्हनते," आई म्हणाली, आणि माझी सबबच संपली. दर फेब्रुवारीत आम्ही सोलापुरातल्या काही कॅथलिक बायका मोडनिंबच्या पुढे, आत असलेल्या मारियामातेच्या छोट्या चॅपलला चालत जातो. चार दिवसांची वाट. आई बावीस वर्षं ही वाट चालली. यंदा अर्धांगवायूने तिची डावी बाजू लुळी पडलेली, डॉक्टर कसलीच खात्री देईनात, आणि मी चार दिवस लांब! धाकटा भाऊ सॅमी तिच्यापाशी थांबला, तरी माझा जीव खालीवर होत होता.

जाणाऱ्यांसाठी सांगते. पहिले दोन दिवस, मोहोळपर्यंत, हायवे. ट्रक अंगावर येतात, तेव्हा पहाटेच निघा. मुक्काम ओळखीच्या घरी, नाहीतर शाळेच्या व्हरांड्यात. जेवण म्हणजे कडक भाकरी, शेंगाचटणी, मिळालं तर दही. माणशी सहाशे रुपयांत सगळं भागतं. पायाला फोड येतात ते फुकट.

चालताना जपमाळ म्हणतो. प्रत्येकीच्या वाट्याला दहा मणी. जी येऊ शकली नाही तिच्या दहा मण्यांना सगळ्या गप्प चालतात, ती घरून म्हणतेय असं धरायचं. वारलेलीचे मात्र सगळ्या मिळून मोठ्याने म्हणतात. पहिले दोन दिवस आईची ती शांतता मला बरी वाटली. नुसता चपलांचा आवाज.

तिसऱ्या दिवशी हायवे सोडून आतल्या रस्त्याला लागलो. टळटळीत दुपार. वस्त्यांना कुलपं, माणसं कामाला शहरात गेलेली. एका अंगणात दोरीवर ओलं लुगडं होतं आणि घराला कुलूप. कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. "गावं गिळली की काय गं कुणी?" मी म्हटलं, पण एकही हसली नाही.

पुढे बाभळीखाली एक मेंढपाळ बसला होता.

"किती जनी हाय तुमी?"

"नऊ," आमची म्होरकी मार्थामावशी म्हणाली.

"मग थांबा की जरा. मागं एक म्हातारी ऱ्हायलीया. डावा पाय लई वढतीया तिचा."

आम्ही वळलो. रस्ता सरळसोट, पार लांबवर दिसणारा. कुणीही नाही. मेंढ्या मात्र चरायच्या थांबून तिकडेच बघत होत्या. 

"कुठं आहे?" मावशीने विचारलं.

तो उठला, डोळ्यांवर हात धरून बघू लागला. "आत्ता तर व्हती," एवढंच बोलला आणि मेंढरं हाकत दुसरीकडे निघून गेला.

थोड्या वेळाने आईचे मणी आले. आता गप्प चालायचं. पण मावशीने पदराने डोळे पुसले आणि मोठ्याने सुरुवात केली. मागोमाग सगळ्याच म्हणू लागल्या. माझ्या आईला मेलेल्यांत धरलं!

"मावशी, बास! आई जिवंत आहे माझी!" मी ओरडले.

"चुकलं गं बाई. त्या माणसाचं ऐकून मला वाटलं..."

निम्मे मणी होऊन गेले होते. फोनला रेंज नाही. पुढचे चार तास मी कशी चालले ते विचारू नका.

संध्याकाळी मोडनिंबला पोचलो तेव्हा रेंज आली. सॅमी म्हणाला, "आई आहे गं. पण दुपारपासून एक शब्द बोललेली नाही. हाक मारली तरी ओ देत नाही. तू ये." चॅपल उद्यावर आलं होतं. थांब म्हणून मावशी मारियामातेची शपथ घालत होती, पण मी सोलापूरची एसटी पकडली.

घरी पोचले तेव्हा आई डोळे उघडे ठेवून निपचित पडली होती. मी हात धरला. तशी ती म्हणाली, "माझे मनी कुनी म्हनले गं?"

मी तिच्या तोंडाजवळ वाकले.

"मी पाचव्यावर व्हते. तवा तुमी सगळ्या मोठ्यानं म्हनताय ते ऐकू आलं. मला वाटलं, मी गेलेच. म्हनून गप पडून ऱ्हायले."

"नाही गं आई! मावशीची चूक झाली."

"मंग मी हाय न्हवं?"

"आहेस की!"

तिने उशाखालची माळ उजव्या हातात घेतली आणि सहावा मणी धरला.

चॅपल कसं होतं, असं लोक विचारतात. यंदा मी ते पाहिलंच नाही. आता रोज दुपारी आई जप करते, तेव्हा मी शेजारी गप्प बसते आणि दहावा मणी होईपर्यंत तिच्या ओठांवरची नजर हलवत नाही.