फिलूनं तपासून घेतलेली गिटार

फिलूचे यजमान रेमंडभाऊ स्वतःहून कधी फोन करत नाहीत. त्या सकाळी स्क्रीनवर त्यांचं नाव दिसलं तेव्हाच हातातला चहाचा कप मी खाली ठेवला. "टीचर, फिलू उठलीच नाही," ते म्हणाले. मला वाटलं, पुन्हा झटका आला असेल. विचारलंसुद्धा, "डॉक्टरांना बोलावलंत का?" मागे केळीच्या वाडीतल्या पंपाचा आवाज चालू होता. अगदी हळू ते म्हणाले, "डॉक्टर येऊन गेले."

फिलोमिना आणि मी वसईतल्या एकाच शाळेत शिकवत होतो. ती गणित, मी मराठी. मी साताऱ्याची, लग्न होऊन इकडे आलेली. ती गिरीजचीच, माहेर आणि सासर एकाच गावात. पहिल्याच वर्षी तिनं मला तिच्या घरी जेवायला नेलं आणि जेवण झाल्यावर, काही न सांगता, मांडीवर हवाईयन गिटार आडवी घेतली. उजव्या हातानं तारा छेडायच्या आणि डाव्या हातातली गुळगुळीत पोलादी कांडी तारांवरून सरकवायची. सूर तुटतच नव्हता. एका स्वरातून दुसऱ्या स्वरात तो असा वाहत जायचा की वर्गात फळ्यावर खडू आपटणारी हीच का ती, असं वाटायचं. चर्चच्या कॉयरमध्ये, म्हणजे गायनवृंदात, ती लग्नाआधीपासून वाजवत होती. नाताळच्या मिस्सेला, चर्चमधल्या त्या मोठ्या प्रार्थनेला, मी दरवर्षी जायचे. माझ्या घरच्यांना सांगून ठेवलेलं असायचं, मी फिलूची गिटार ऐकायला जाते म्हणून.

निवृत्तीनंतर थोड्याच काळानं तिला पक्षाघाताचा झटका आला. सौम्य होता, सगळे म्हणाले थोडक्यात निभावलं. चालू लागली, बोलू लागली, स्वयंपाकसुद्धा करू लागली. फक्त डावं मनगट वळेना. हवाईयन गिटारमध्ये काही सुरावटींसाठी ती कांडी तारांवर तिरकी धरावी लागते, आणि तिला ती सरळच धरता येत होती. कॉयरमध्ये कीबोर्ड वाजवणारा एक तरुण आला. फिलू मागच्या बाकावर बसून गाऊ लागली. कुणाकडे तक्रार नाही, पण आमच्या फोनवरच्या गप्पांतून संगीत हा विषयच गेला. मीही काढत नव्हते.

मग एके दिवशी तिचाच फोन. आवाजात जुनी घाई. "मोबाईलवर बघितलं मी, पेडल स्टील गिटार म्हणून असते. पायाशी पेडलं, गुडघ्यांशी दांडे. पेडल दाबलं की तारच ताणली जाते, सूर बदलतो. हात सरळ ठेवायचा! नायगावला एक माणूस जुनी विकतोय. येतेस?"

खाडीच्या बाजूच्या नव्या टॉवरमधला फ्लॅट होता. विकणारे गृहस्थ साठीचे, शांत. त्यांचे थोरले भाऊ हॉटेलांच्या बँडमध्ये वाजवायचे. ते गेले आणि खोली मोकळी करायची होती. किंमत इतकी कमी होती की फिलूलाच शंका आली. टेबलासारखं चार पायांवर उभं वाद्य, खाली सळयांचं जाळं. कितीतरी महिने व्हिडिओ बघून तिनं काय काय बघायचं ते डोक्यात पक्कं केलं होतं. आधी मला खाली वाकवून टॉर्च धरायला लावला. खाऱ्या हवेनं सळयांवर तांबूस थर आला होता. तिनं नखानं खरवडून बघितलं. "वरवरचा आहे." पाय घट्ट बसतात का, लाकूड कुठे फुगलंय का, सगळं चाचपलं. मग तार सुरात लावायची, पेडल दाबायचं, सोडायचं, आणि मोबाईलवर बघायचं की तार मूळ सुरावर परत येते की नाही. "परत येत नसेल तर फुकट दिली तरी घ्यायची नाही," ती मला म्हणाली, गृहस्थांना ऐकू जाईल अशा आवाजात.

पेडलं ठीक निघाली. गुडघ्याचा एक दांडा मात्र दाबला की तार उतरायची आणि तिथेच राहायची. फिलूचा चेहराही उतरला. पुन्हा पुन्हा करून बघितलं. ते गृहस्थ संकोचले. "भाऊ आजारी पडल्यापासून कोणी हात लावला नाही हो. नको असेल तर नाही म्हणा, मला वाईट वाटणार नाही." फिलूनं पुन्हा मला खाली पाठवलं. "त्या तारेची स्प्रिंग बघ गं, जागेवर आहे का?" आकडा निसटून स्प्रिंग लोंबत होती. गृहस्थांनी पक्कड आणली, आम्ही दोघांनी मिळून ती अडकवली. दांडा दाबला, सोडला. तार घरी परत आली.

तरीही ती उठेना. मला जवळ बोलावून हळूच म्हणाली, "वाद्य चांगलं आहे. माझंच काय ते कळत नाही." मी तिच्या शेजारी बसले. वय, आजारपण, इथे शिकवणारं कुणी नाही… हे सगळं तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. तिनं डावा हात तारांवर ठेवला, कांडी सरळ. तारा छेडल्या आणि दोन पेडलं सावकाश दाबली. सगळी सुरावट हाताखालून उचलली जावी तशी वर गेली. ते गृहस्थ खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले.

"मनगट हललं का?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग घेऊ या."

पुढचे महिने गिरीजला कठीण गेले म्हणायचे. पाय एक करायचा, गुडघा भलतंच. रेमंडभाऊ म्हणायचे, वाडीत केळी लवकर पिकायला लागलीत, हिच्या सुरांना घाबरून. ती खळखळून हसायची आणि पुन्हा बसायची. ईस्टरच्या मिस्सेत त्या कीबोर्डवाल्या तरुणानंच तिला एक गीत वाजवायला दिलं. मी तिसऱ्या रांगेत होते. एका ठिकाणी सूर जरासा घसरला, फिलूनं भुवया उडवल्या आणि तो तसाच सरकवत जागेवर नेला. वसईच्या त्या चर्चमध्ये कितीतरी माणसं माना उंचावून बघत होती… त्यानंतर तिनं मला फोन केला तो फक्त एवढं सांगायला, "पाय दुखतायत गं, फार छान दुखतायत."

फिलू गेल्यानंतरची महिन्याची मिस्सा झाल्यावर मी त्यांच्या घरी गेले. गिटार आतल्या खोलीत होती, चादरीखाली. रेमंडभाऊ म्हणाले, "कॉयरमधला तो कीबोर्डवाला मुलगा विकत मागतोय. तुम्ही तिच्याबरोबर गेला होता. जरा तपासून सांगा, देण्यासारखी आहे का?" मी स्टुलावर बसले. पाय पेडलांपर्यंत न्यायला गेले तर माझे गुडघे दांड्यांत अडकले. मी उंच, फिलू ठेंगणी. दांडे, पेडलं, स्टूल, सगळं तिनं आपल्या अंगाला जुळवून घेतलं होतं. कसंबसं पाय वळवून एकेक तार, एकेक पेडल बघितलं.

"वाद्य उत्तम आहे," मी म्हणाले. "फक्त घेणाऱ्याला हे दांडे स्वतःच्या गुडघ्यांप्रमाणे सरकवावे लागतील."

"म्हणजे हे आत्ताचं माप जाणार."

"हो."

ते थोडा वेळ त्या दांड्यांमधल्या मोकळ्या जागेकडे बघत राहिले. मग चादर नीट ओढली, चारही कोपरे सारखे केले आणि म्हणाले, "त्याला सांगतो, पुढच्या ईस्टरला बघू."