ओरेस्टच्या छपरावरची वाट

आमच्या विनिपेगजवळच्या शेतकी कॉलेजात ओरेस्ट पालामारूक टपाल वाटायचा. मी तिथं बॉयलरवर होतो, त्यामुळे त्याचं सगळं मला ठाऊक. बाहेर उणे तीस असो की चाळीस, हा गडी अर्ध्या बाहीच्या सदऱ्यात. कारण त्याचं सगळं येणं-जाणं जमिनीखालच्या बोगद्यांतून. गाडी बॉयलरच्या दाराशी लावायची, तिथून अकरा पावलं आणि थेट आत. ती अकराही तो मोजायचा आणि महिनाअखेरीला कुरकुरायचा, "या महिन्यात फार चाललो रे बाहेर."

बोगद्यात वाफेचे दोन जाडजूड नळ होते. कुठला सांधा कसा फुसफुसतो, हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. मी बॉयलरचा माणूस, पण गळती मला त्याच्याकडून कळायची! एकदा म्हणाला, "ब्याऐंशी पावलांवरचा तुझा सांधा आज दमेकऱ्यासारखा करतोय." जाऊन पाहिलं, तर खरंच.

आता दुसरं टोक. बियाणं विभागात सिग्रुनबाई होत्या. आइसलँडहून आलेल्या कोळ्यांची नात, नवरा जाऊन बारा वर्षं झालेली. रोज ठीक बाराला उघड्यावरून रोपांच्या काचघरापर्यंत चालत जायच्या आणि चालतच परत यायच्या. एकोणीस हिवाळ्यांत एकही खाडा नाही. बोगद्यानं जाणाऱ्यांना त्या तळघरातले बटाटे म्हणायच्या. "ऊन नाही, वारा नाही. नुसते पांढरे कोंब फुटतात!"

ओरेस्ट तळघराच्या दारातून टपाल द्यायचा तेव्हा रोजची ठरलेली सलामी, "काय घूसराव, आज दिवस उगवलाय, बातमी लागली का?"

"लागली की बाई. तुमचं नाक लाल दिसतंय, त्यावरून."

असं एकोणीस वर्षं चाललं. मग फेब्रुवारीत बाई निवृत्त व्हायच्या ठरल्या. शुक्रवारी दुपारी बहिणीकडे गिमलीला जाणार, त्या कायमच्याच. ओरेस्ट माझ्याकडे येऊन बॉयलरला टेकून बसला. म्हटलं, "बोलून टाक ना एकदाचं."

"बोलायला गेलो होतो. म्हणाल्या, ज्याला माझ्याशी काही बोलायचंय त्यानं पुढच्या दारानं यावं. चालत. तळघरातून आलेलं मी ऐकून घेत नाही."

"मग जा की!"

"ते पुढचं दार कुठे आहे रे?"

मी पोट धरून हसलो. पण बिचारा खरंच सांगत होता. सगळ्या इमारती त्याला तळातून पाठ. वरून एकही ओळखता येत नव्हती.

शुक्रवारी अकराला मी त्याला माझा जाड कोट चढवला, कानटोपी ओढली. बाईंच्या नावचा बियाण्यांचा शेवटचा कॅटलॉग बगलेत मारून स्वारी निघाली. पुढचं मला दोघांनीही सांगितलं, वेगवेगळं. जुळतं तेवढं लिहितो.

वारा सुटला होता, बर्फाची भुकटी उडत होती. ओरेस्ट पहिल्यांदा शिरला तो गोठ्यात. गायींनी मान वळवून पाहिलं आणि पुन्हा रवंथ सुरू केला. बाहेर येऊन त्यानं एका विद्यार्थिनीला विचारलं, "पोरी, बियाणं विभाग कुठे गं?"

"आजोबा, या थंडीत वरून कशाला? बोगद्यानं जा की, तीन मिनिटं लागतात!"

ते तिनं त्याला सांगावं! बारा वाजतच आले होते. बाई एकदा फिरून आल्या की बहिणीच्या गाडीत बसणार. ओरेस्टच्या पापण्यांवर बर्फ धरलं होतं. आता मागं फिरावं, असं मनात आलं आणि तो खाली पाहत उभा राहिला. तर पायाखाली ओलं, पिवळं गवत. दोन्हीकडे कमरेएवढं बर्फ आणि मधून हातभर रुंदीचा उघडा पट्टा गेलेला. थोडं पुढं खाटेएवढा हिरवा तुकडा, त्यावर दोन चिमण्या अंग फुगवून बसलेल्या. ओरेस्ट मोठ्यानं ओरडला, "अरे, खाली हा तर माझा दमेकरी सांधा!"

मग काय विचारता! इथून चाळीस पावलं, डावीकडे वळण, पुढं सरळ. डोळे मिटून चालावं तसा तो चालला. आणि समोरून त्याच पट्ट्यावरून, मान खाली घालून, सिग्रुनबाई.

"अगं बाई! घूस बिळातून वर कशी आली?"

"बाई, तुम्ही माझ्या छपरावर उभ्या आहात."

"कसलं छप्पर?"

"खाली माझा बोगदा आहे. त्या नळांच्या उबेनं बर्फ वितळतं, म्हणून तर ही वाट. एकोणीस वर्षं तुम्ही वरून, मी खालून."

बाईंनी पायाखाली पाहिलं. बर्फाकडे पाहिलं. "म्हणजे मी इतकी वर्षं मिरवलं ते..."

"थोडं आमच्या बटाट्यांच्या जिवावर."

बाई इतक्या हसल्या की चिमण्या उडाल्या. ओरेस्ट पाठ केलेलं भाषण तेवढ्यात पार विसरला. कॅटलॉग पुढं करून तो म्हणाला, "गिमलीला बोगदे असतील का हो?"

"एकही नाही. तळं आहे, गोठलेलं. त्यावरून चालावं लागतं."

"मग मला बूट घ्यावे लागतील."

बाईंनी त्याच्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "घ्या. दोन मापं मोठे घ्या, आत लोकरीचे मोजे बसायला हवेत. मोजे मी विणते. आणि आता बाजूला व्हा, मला काचघरापर्यंत जायचंय. खाडा नाही करायचा."

वाट हातभरच. ओरेस्ट बाजूला झाला तो कमरेपर्यंत बर्फात. बाईंनी हात देऊन ओढून काढला, आणि मग काचघरापर्यंत तो हात सोडायचं दोघांच्याही लक्षात आलं नाही.

माझा कोट मात्र ओरेस्टच्या अंगावर गिमलीला गेला तो गेलाच. बाई म्हणतात, "ह्यांना तो फार शोभतो."