यादीत नसलेलं नाव

पवित्र शनिवारी सकाळी सहाच्या एसटीने मी श्रीरामपूर सोडलं. आमच्याकडे ईस्टर म्हणजे नवे कपडे, चर्चच्या आवारात चारचाकींची दाटी आणि उपासनेनंतर कुणाच्या घरी बिर्याणी यावर चर्चा. पस्तीस वर्षं दवाखान्यात नर्सची नोकरी करताना निम्मे ईस्टर माझे ड्युटीवरच गेले. निवृत्त झाल्यावर ठरवलं, एक ईस्टर तरी खेड्यात करायचा. माझी रविवारशाळेतली जुनी विद्यार्थिनी कल्पना हिचे यजमान जामखेडच्या पुढे, खर्ड्याच्या रस्त्यावरच्या एका गावात पाळक (मंडळीचे धर्मगुरू) आहेत. तिने तीन वेळा बोलावलं होतं. चौथ्यांदा बोलावण्याची वेळ येऊ नये म्हणून मी निघाले.

नगरचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, पण कंडक्टर अजून "नगर, नगर" असंच ओरडतो आणि लोकही बिनचूक उतरतात. माळीवाड्याच्या स्टँडवर गाडी बदलली. जामखेडचा रस्ता मध्येच बीड जिल्ह्यात शिरतो आणि पुन्हा आपल्या जिल्ह्यात येतो. बीडच्या त्या तुकड्यातच आमच्या गाडीचं चाक बसलं. दुसरं चाक होतं, पण ते चढवायचा पाना नव्हता. आम्ही सगळे एका बाभळीच्या सावलीत, म्हणजे जवळजवळ उन्हातच, उभे राहिलो.

शेजारी एक शेतकरी बाई होती, जामखेडला लेकीकडे निघालेली. तिने मोसंबं सोलून अर्धं मला दिलं आणि चौकशी सुरू केली. मी कुठली, कुणाकडे, कशाला.

"उद्या ईस्टर आहे आमचा," मी म्हटलं.

"म्हंजी नाताळच की."

"नाही, नाताळ जन्माचा. हा प्रभू मेलेल्यांतून उठला त्याचा."

"आन तुमची मानसं? ती बी उठनार?"

"आमची श्रद्धा आहे तशी."

तिने एक बी थुंकली आणि विचारलं, "समदीच का निवडक?"

मी रविवारशाळेत वीस वर्षं शिकवलं आहे. तरी या प्रश्नावर मी मोसंब्याची दुसरी फोड तोंडात टाकली. तेवढ्यात पाना आला.

जामखेडहून काळीपिवळीने (माणशी भाडं घेणारी जीप) गावाच्या फाट्यावर उतरले तेव्हा दीड वाजला होता. कल्पना न्यायला आली होती. पाळकांचं घर एकाच खोलीचं, त्यात दोन मुलं, म्हणून माझी सोय शेजारच्या मार्थाबाईंकडे केली होती. मार्थाबाई साठीच्या, माझ्याच वयाच्या, काटक. नवरा गेलेला, मुलगी लग्न होऊन कर्जतला. जेवायला त्यांनी शेंगोळी (हुलग्याच्या पिठाच्या वळकट्या लसणाच्या रश्शात शिजवतात) केली होती. मी तीनदा वाढून घेतली आणि ईस्टरपूर्वीच्या उपासाच्या दिवसांत हे बरं नव्हे, असं चौथ्यांदा घेताना म्हणाले.

"सिस्टर, उपास पोटाचा नसतोय," मार्थाबाई म्हणाल्या आणि आणखी वाढलं.

ऊन उतरल्यावर सगळी मंडळी कबरस्तानात निघाली. इथे चर्चच्या सभासद कुटुंबांना मिळून मंडळी म्हणतात आणि ईस्टरच्या आदल्या दिवशी साऱ्या मंडळीने कबरींना चुना लावायचा असा रिवाज आहे. ओढ्याच्या कडेला काट्यांचं कुंपण, आत साठसत्तर कबरी, बऱ्याचशा नुसत्या माती-दगडाच्या. चुन्याच्या बादल्या सगळ्यांच्या सामाईक. माणसं गप्पा मारत, हसत काम करत होती. मलाही एक कुंचा मिळाला आणि मी कुणाच्या तरी आजोबांना पांढरंशुभ्र केलं.

मार्थाबाईंनी नवऱ्याच्या कबरीला चुन्याचा एक हात मारला आणि त्या कोपऱ्यातल्या निंबाखाली गेल्या. तिथे एक कबर एकटीच होती. तिला त्यांनी दोन हात दिले. पहिला वाळेपर्यंत शेजारी बसून राहिल्या. मी कल्पनाकडे पाहिलं.

"मुलगा त्यांचा," ती हळूच म्हणाली. "बावीस वर्षांचा होता. नऊ वर्षं झाली. त्याने स्वतःच जीव दिला."

मग तिने मला इथला दुसरा रिवाज सांगितला. ईस्टरच्या पहाटे मंडळी गाणी म्हणत इथे येते आणि पुरलेल्या प्रत्येकाचं नाव एका वहीतून मोठ्याने वाचलं जातं. नाव आलं की त्या घरची माणसं उभी राहतात आणि सगळे मिळून म्हणतात, "उठंल!" पूर्वी कुणाचे मेलेले आधी वाचायचे यावरून जिवंतांची भांडणं झाली. तेव्हापासून वाचायचा मान बाहेरच्या पाहुण्याला. मार्थाबाईंच्या मुलाचं नाव त्या वहीत नव्हतं. पंचांनी (मंडळीचा कारभार पाहणारे वडीलधारे) तेव्हाच ठरवलं होतं, पुरायला जागा द्यायची, यादीत नाव घालायचं नाही.

"आणि उद्याच्या पाहुण्या तुम्ही आहात," कल्पना म्हणाली. माझा कुंचा बादलीतच राहिला.

संध्याकाळी पाळकांच्या अंगणात चहा झाला. दाविदनाना आले होते. हे सगळ्यांत थोरले पंच, ऐंशीच्या पुढचे, अंगात स्वच्छ पांढरी बंडी. मी स्वभावाने गप्प बसणारी नव्हे. मी विचारलं, त्या पोराचं नाव का नाही?

नाना रागावले नाहीत. त्यांनी बशीतला चहा संपवला.

"बाई, जीव देनारा देव आन नेनारा बी देव. मधी आपन हात घातला तर त्याला काय म्हनायचं? आमी समदी मिळून 'उठंल' म्हनतो ती साक्ष हाय. जे ठावं न्हाई त्याची साक्ष कशी द्यायची?"

"प्रभूने शेजारच्या वधस्तंभावरच्या चोराला काय विचारलं होतं, नाना?" पाळक म्हणाले. तिशीतले, शांत गृहस्थ. "आठवण कर एवढंच तो म्हणाला. तेवढ्यावर त्याला सुखलोक मिळाला."

"त्यो तोंडानं बोलला तरी. ह्यो पोरगा काय बोलून गेला?" नाना थांबले. मग आवाज उतरवून म्हणाले, "आन दुसरं सांगू का? गावात पोरं हायेत. ती बघत्यात. आज आपन समद्यांच्या बरुबर त्याचं नाव घेतलं, तर उद्या एखाद्याला वाटंल, काय न्हाई होत, लोक माफ करत्यात. त्याचं भ्या वाटतंय मला."

जीव द्यायला गेलेल्या पोरांना मी दवाखान्यात रात्रंदिवस सांभाळलं आहे आणि एक गेला की महिनाभरात त्याच वाडीतला दुसरा आणताना पाहिला आहे. नानांची भीती मला खोटी वाटली नाही. पण शुद्धीवर आलेलं त्यांतलं एकही पोर मला "लोक माफ करतील म्हणून केलं" असं म्हणालं नव्हतं. ती सगळी फार एकटी पडलेली होती. हे मी तेव्हा बोलायला हवं होतं. पाळकांनी हा विषय पंचांपुढे दोनदा ठेवला होता आणि दोन्ही वेळा तो तसाच राहिला होता. मी चहा चांगला झाल्याचं सांगितलं.

घरी आल्यावर मार्थाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "सिस्टर, एक मागू का?"

मला कळलं होतं काय ते.

"माझ्या मालकाचं नाव आलं की त्याच्या मागं माझ्या पोराचं घ्या. वहीत न्हाई, पन तुमच्या तोंडात तर येईल. पाव्हन्याला कोन काय म्हनत न्हाई."

"नानांना..."

"नाना वाईट न्हाईत. त्यो गेला तवा कबर खांदायला नानाच पयले आले. पोरानी का केलं, त्याचं कारन मला आजून सापडलं न्हाई. भांडान न्हाई, परेम-बिरेम न्हाई, ढोलकी वाजवायचा, हसायचा. उठंल का न्हाई उठंल, ते देव बघंल. मी फकस्त नाव घ्या म्हनते."

मी म्हटलं, "बघते." आपल्या भाषेतला हा फार सोयीचा शब्द आहे. मार्थाबाई तो होकार समजल्या. माझ्या ताटात त्यांनी तव्यावरची सगळ्यात पातळ भाकरी टाकली.

पहाटे साडेचारला ढोलकी ऐकू आली. चर्चपुढे शंभरएक माणसं जमली होती. मोबाईलचे दिवे लावून, टाळ वाजवत, भजनाच्या चालीवर पुनरुत्थानाची गाणी म्हणत आम्ही ओढ्याकडे निघालो. असा ईस्टर मी कधी पाहिला नव्हता. म्हाताऱ्या बायका माझ्या पुढे चालत होत्या आणि मला दम लागला होता. कबरस्तानात पोचलो तेव्हा पूर्वेला फटफटलं होतं. चुना लावलेल्या कबरी अंधारात आधीच दिसायला लागल्या होत्या. मला भरून आलं.

नानांनी वही माझ्या हातात दिली. "सावकाश वाचा, बाई. कुनाचं राहू नये."

मी वाचायला लागले. पहिल्या नावाला तिघं उभी राहिली आणि सगळी मंडळी एका आवाजात म्हणाली, "उठंल!" चौथ्यापाचव्या नावानंतर मला लय सापडली. नाव, उठण्याची सळसळ, "उठंल!" काही नावं शंभर वर्षांपूर्वीची, त्यांच्या घरचं कुणीच उरलं नव्हतं. त्यांच्यासाठी सगळेच उभे राहत. मग आलं, "शांतवन रामा साळवे." मार्थाबाई उभ्या राहिल्या. "उठंल!"

बाकीची माणसं आपापलं नाव झालं की खाली बसत होती. मार्थाबाई बसल्या नाहीत. पदर दोन्ही हातांनी धरून त्या माझ्याकडे पाहत उभ्या राहिल्या.

मी थांबले. किती थांबले सांगता येत नाही, पण लोकांच्या माना वर झाल्या एवढा वेळ. पाळक माझ्याकडे पाहत होते. नाना जमिनीकडे. नाव माझ्या जिभेवर होतं. खरं सांगायचं तर मी भ्याले. पाहुणीने पाहुणीसारखं राहावं, दुसऱ्यांच्या मंडळीत आपण कोण, नानांचंही काही चूक नाही, अशी चार कारणं एका क्षणात हाताशी आली. मी वहीतलं पुढचं नाव वाचलं.

मार्थाबाई खाली बसल्या. मी उरलेली सगळी नावं वाचली. कुणाचंही राहिलं नाही.

प्रार्थनेनंतर माणसं आपापल्या कबरींकडे पांगली. कण्हेरीची फुलं, मेणबत्त्या, लहान मुलांना खाऊ. मी निंबाखाली गेले. मार्थाबाई मेणबत्ती लावत होत्या. मी त्यांच्याजवळ उकिडवी बसले आणि त्यांच्या मुलाचं पूर्ण नाव घेतलं. हळू, पण स्पष्ट.

त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "आता नगं, सिस्टर. ते मघाशी हवं हुतं."

आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. घरी येऊन त्यांनी मटणाचा रस्सा केला, मला नळी वाढली, गाडीत खायला धपाटी बांधून ठेवली. दुपारी पाळकांनी मोटारसायकलवरून खर्ड्याचा किल्ला दाखवून आणला. उंच तट, आत वाळलेलं गवत, वर घारी. चांगला किल्ला आहे, जरूर पाहावा. मी त्याच्याकडे नीट पाहिलं असं मात्र म्हणता येणार नाही. उतरताना पाळक म्हणाले, "पायरी जपून, सिस्टर," एवढंच.

सोमवारी सकाळी फाट्यावर नाना आले. मुद्दाम चालत आले होते.

"बाई, काल तुमी थांबला हुता तवा मला वाटलं, घेताय आता."

"घेतलं असतं तर?"

"म्या आडवा आलो नसतो. भर उपासनेत पाव्हन्याला कोन अडवतंय?" ते काठीने माती उकरत राहिले. "उठंल म्हनलो असतो का, ते मला बी ठावं न्हाई. पन ऐकलं असतं."

जीप आली. नानांनी माझी पिशवी वर दिली आणि सलाम केला.

परतीच्या वाटेवर गाडीचं चाक बसलं नाही की काही नाही. दुपारी अडीचला मी घरी होते. शेजारणीने डब्यात बिर्याणी ठेवली होती. गेली कित्येक वर्षं मी इथे बसून खेड्यातल्या पंचांवर, त्यांच्या जुन्या नियमांवर तोंडसुख घेत आले. क्षमा, कृपा, मरणानंतरची आशा, या सगळ्यांवर मी रविवारशाळेत उत्तम बोलते, लोक तसं सांगतात. पण नियम आणि एक आई यांच्यामध्ये मला उभं केलं गेलं तेव्हा मी नियमाच्या बाजूला गेले, आणि तो नियम माझा नव्हताही. नाना निदान आपल्या भीतीपायी अडले होते. मी उसन्या भीतीपायी अडले. हे मला फार लागलं आहे आणि लागावंच.

हा मजकूर लिहायला घेतला तेव्हा मी मार्थाबाईंना फोन केला. म्हटलं, तुमचं आणि त्याचं लिहू का? तुमची हरकत असेल तर राहू दे. त्यांनी विचारलं, कोन वाचनार? मी म्हटलं, आपली माणसं वाचतील, इतरही वाचतील, कोण कोण ते मला सांगता येणार नाही.

पलीकडे कोंबड्या ऐकू येत होत्या.

"लिवा," त्या म्हणाल्या. "पन पुरं नाव लिवा. बापाच्या नावासकट."

अमोल शांतवन साळवे.