बोळिंजचा गाळा आणि मामेसासरे

अर्थशास्त्राला तोंडावर खोटं पाडणारा एकच माणूस मी पाहिला आहे, तो म्हणजे माझे मामेसासरे. मामी गेल्यानंतर त्यांनी बोळिंजचा रस्त्यालगतचा गाळा विकायला काढला आणि नेमके तेव्हाच कर्जाचे व्याजदर चढू लागले. व्याज चढलं की हप्ता फुगतो, गिऱ्हाईक हात आखडतं आणि गाळ्यांचे भाव नरमतात, हे चिंचोटीला भजी तळणाऱ्यालाही कळतं. मामा मात्र दरवाढीची प्रत्येक बातमी वाचून स्वतःची किंमत वाढवत. "पैसा महाग झाला ना जावईबापू? मग माझाच गाळा स्वस्त का?" असं ते इतक्या करुणेनं विचारत, की माझंच शिक्षण कमी पडलं असं मला वाटे.

गिऱ्हाइकांना ते रविवारी सकाळी घरी बोलवत, चहा पाजत आणि मग त्यांचा उद्धार करत. एकानं धीर करून सांगितलं, "काका, गाळ्याचं भाडं हप्त्याच्या निम्मंही येणार नाही." मामा म्हणाले, "मग भाडं वाढवा! बँकेनं व्याज वाढवताना तुम्हाला विचारलं होतं?" एजंटानं शेवटी त्यांचा नंबर ब्लॉक केला. "फार बिझी असतो बिचारा," असं मामा कौतुकानं सांगत.

आचोळ्याच्या एक फिजिओथेरपिस्ट बाई मात्र चिकाटीच्या. त्यांना स्वतःचं क्लिनिक हवं होतं. तीन रविवार त्या आल्या, पण व्याजदर वाढत गेले तशी बँक त्यांना कर्ज कमी द्यायला लागली. तिसऱ्यांदा त्या उठल्याच. "काका, आता नाही जमायचं. भाड्याच्याच जागेत चालवीन. चहा छान असतो तुमचा."

"बसा," मामा म्हणाले. "किती जमेल?"

बाईंनी संकोचत आकडा सांगितला. मी मामांच्या स्फोटाची वाट पाहत होतो. "ठरलं," ते म्हणाले. बाईच गडबडल्या. "काका, अजून थोडं वर जाईन मी..." "आता घासाघीस नको," मामांनी दटावलं, "माझा भाव पक्का आहे!"

खरेदीखत झाल्यावरच्या रविवारी मी सहज डोकावलो. मामा इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. टेबलावर दोन कप मांडलेले होते.

"कुणी येणार आहे का?"

"छे. आता कोण येतंय?" ते खिडकीबाहेर पाहत राहिले. मग खाली माझ्या जुनाट स्कूटरकडे बोट दाखवून म्हणाले, "हिचे काय घ्याल?"

मी तोंडाला येईल तो अवाच्या सवा आकडा सांगितला. मामा ताठ बसले. "या भंगाराचे?"

त्यांना स्कूटर चालवता येत नाही आणि मला विकायची नव्हती. दुपारच्या जेवणापर्यंत आम्ही भांडत होतो.