घासलेले चार आणे

आमच्यात मुलीची सुपारी फोडताना नारळाबरोबर सव्वा रुपया ठेवतात. रुपया कुणाच्याही खिशात सापडतो, अडचण वरच्या चार आण्यांची. सरकारनं ते बंद केले त्याला बरीच वर्षं झाली. तेव्हापासून लोक दोन ठेवतात, अकरा ठेवतात, कुणी तर नोटच ठेवतो. मी मात्र धरणगावच्या आसपास ज्या ज्या घरी बोलणीला बसलो तिथं अडून बसलो, की सव्वा म्हणजे सव्वा. लोकांनी माळे शोधले, डबे उपसले, पण चार आणे आणले. मागे माझं नाव काय ठेवत असतील ते ठेवोत.

मग माझ्याच नातीची सुपारी ठरली. मुलगा धुळ्याचा. माझ्याकडे चार आण्याचं एकच नाणं, गेंड्याचं चित्र असलेलं, देव्हाऱ्यात लक्ष्मीपुढे ठेवलेलं. मला काहीच काळजी नव्हती. काळजी लावली ती नातीनंच. नाण्याचा फोटो काढायला म्हणून तिनं मोबाईल धरला आणि ओरडली, "आबा, हाई नाणं एक लाखनं शे!"

मी म्हटलं, "चार आणा लाखनं कसं व्हई?"

तिनं दाखवलं. तसाच गेंडा, सालाखाली तसंच टिंब, आणि बाजूला किंमत. मला वाचता येतं, चौथीपर्यंत गेलोय. शून्यं दोनदा मोजली. माझा मुलगा लगेच म्हणाला, "मंग आपण अकरा रुपया ठेवूत ना, आबा. हाई राहू द्या."

इथं माझं डोकं फिरलं. लाखाचं नाणं असेल तर मी ते चार आणे म्हणून दुसऱ्याच्या ताटात टाकतोय. आणि नाही टाकलं, अकरा ठेवले, तर आजवर ज्यांना ज्यांना अडवलं ते सगळे बायका-पोरांसकट हसतील. दोन्हीकडून मीच येडा. नीट किंमत कळल्याशिवाय झोप येईना.

जळगावला जुनी नाणी घेणारा एक दुकानदार आहे, हे ऐकून होतो. जायच्या दिवशी सकाळी मी काय केलं, तर चुलीतली राख घेतली, चिंच घेतली, नारळाची शेंडी घेतली आणि नाणं चांगलं घासलं. तसं ते दर दिवाळीला देवांबरोबर घासलं जातंच. पण शहरात दाखवायला न्यायचं, तर कळकट कसं न्यायचं? आपण नाही का बाहेरगावी जाताना धोतर धुऊन नेसत?

दुकानदारानं डोळ्याला भिंग लावलं. नाणं कडेनं धरलं, मधे बोट लावलं नाही. उजेडाखाली तिरकं केलं, परत तिरकं केलं. तोंड असं केलं जसं काही डाळीत खडा लागला.

"आबा, हे घासलंय कुणी?"

"मीच."

"का घासलं?"

"का म्हणजे? तुमच्याकडे यायचं होतं ना!"

तो कपाळाला हात लावून हसला. मग त्यानं ड्रॉवरमधून दुसरं गेंड्याचं नाणं काढलं, पारदर्शक पिशवीतलं. म्हणाला, बघा. मी बघितलं. माझ्या नाण्यापेक्षा मंद होतं, सायीसारखं. पण त्यानं ते फिरवलं तसा उजेड त्याच्यावर गोल गोल फिरला, गेंड्याच्या अंगावरच्या घड्या एक एक दिसल्या. माझं फिरवलं, तर उजेड एका जागी चिकटून बसला, आणि घड्या पुसट. वरून सगळीकडे बारीक तिरप्या रेघा, नांगरटीसारख्या. भिंगातून मलाही दिसल्या. खोटं कशाला सांगू?

"ते पहिल्या दर्जाचं," तो म्हणाला. "हाताळून झिजलेलं असतं तरी मी दुसरा, तिसरा दर्जा दिला असता. घासलेल्याला दर्जा नाही. लांबून आलात म्हणून पाच रुपये देतो."

"आणि ते लाख?"

"मोबाईलवाल्याकडून घ्या."

मी विचारलं, म्हणजे हजार घामट हातांतून गेलेलं चालतं आणि देवासाठी धुतलेलं चालत नाही? तो म्हणाला, हो, तसंच. मी म्हटलं, हा कुठला न्याय? तो म्हणाला, आबा, धंदा आहे. मी नाणं उचललं आणि सांगितलं, विकायला नाही, विचारायला आणलं होतं. बसमध्ये बसलो तरी उलगडा होईना. सरकार म्हणतं काही नाही, मोबाईल म्हणतो लाख, हा म्हणतो पाच, आणि सुपारीत ते चार आणेच. नाणं एकच. मी ते मुठीत धरून धरणगावपर्यंत आलो, घामेजलेल्या मुठीत. मनात आलं, आता तरी दर्जा वाढेल का?

धुळ्याला सुपारीच्या दिवशी मी नारळ ठेवला, रुपया ठेवला, त्यावर गेंडा ठेवला. लाखाचं नाही हे कळल्यावर जीव हलका झाला होता, आणि थोडा खट्टूही. मुलाकडचे आजोबा माझ्याच वयाचे. त्यांनी नाणं उचललं, उलटं केलं, सुलटं केलं. भुवया वर गेल्या.

"आबा, हाई इतलं चमकस कसं? इतला सालनं नाणं असं राहस का? नवं पाडेल शे का?"

खोटं नाणं ठेवून सुपारी! माझा मुलगा खाली बघायला लागला. सव्वाचा हट्ट माझा, आणि त्यात पोरीचं जमलेलं मोडायची वेळ. मी उठलो, त्यांचा हात धरला आणि त्यांना दारात नेलं.

"उनमा धरी देखा. तिरप्या रेघा दिसतीस. राख नि चिंच लाईसन मी दर दिवाळीले घासेल शे. जयगावना दुकानदारनी भिंग लाईसन सांगं, घासेल शे म्हनीसन. नवा नाणाले रेघा कथाइन येतीस?"

त्यांनी बघितलं. बराच वेळ बघितलं. मग हसले. "खरं शे. आमनी म्हतारी देव असाच घासस." आणि आत येऊन सुपारी फोडली.

ज्या रेघांनी जळगावात माझ्या नाण्याचा दर्जा गेला, त्याच रेघा इथं साक्षीला उभ्या राहिल्या. खूश व्हावं की त्या दुकानदारावर चिडावं, मला समजेना. अजूनही समजत नाही.

निघताना मुलाचे आजोबा म्हणाले, "आम्ही बी देव्हारामा ठेवसूत. दिवाळीले मस्त घाससूत."

नका घासू, असं सांगायला मी तोंड उघडलं. पण त्यांच्या लक्ष्मीपुढे कळकट नाणं ठेवा, हे कसं सांगायचं?

"जुनी चिंच ल्या," मी म्हटलं. "नवी चिंचना डाग पडतस."