कोचसाहेबांचा उजवा पाय

माणूस निवृत्त झाला तरी त्याचा पाय निवृत्त होत नाही, हे आमच्या नॉर्वेजियन कोचनी माझ्याच नडगीवर सिद्ध करून दाखवलं. नव्वदच्या दशकात मी दुबईतल्या एका फुटबॉल क्लबात फिजिओथेरपिस्ट होतो आणि मॅचच्या वेळी बाकावर त्यांच्या उजव्या हाताला बसायचो. तरुणपणी ते नॉर्वेतले नावाजलेले स्ट्रायकर. गुडघा गेला म्हणून कोच झाले. एरवी माणूस इतका थंड, की ऑगस्टच्या उन्हात उकळता चहा पीत "नाइस वेदर" म्हणायचे. पण आमचा खेळाडू गोलसमोर पोचला की त्यांचा उजवा पाय आपोआप सुटायचा, आणि बॉलच्या जागी मी असायचो. दुबईच्या करामा भागातल्या आमच्या घरी बायको, बर्फ लावायचा असतो हे माझं ज्ञान बाजूला सारून, गरम पाण्याने नडगी शेकायची. "अहो, त्यांना म्हणावं, एवढी हौस आहे तर स्वतःच उतरा की मैदानात!" असं ती म्हणायची. हे मी कोचना हसत हसत सांगितलं. ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी नडगीवर बांधायची स्वतःची जुनी शिनगार्ड्स आणून माझ्या हातात ठेवली.

त्या मोसमात आम्ही हरतच गेलो. शेवटच्या मॅचआधी मॅनेजर माझ्यादेखत त्यांना म्हणाला, "कोच, टुडे मस्ट विन. नो विन, खलास." बरोबरीसुद्धा चालणार नव्हती. कोच मला म्हणाले, "टुडे यू सिट फार." मी हललो नाही. गोल काही होईना. वेळ संपत आली, शेजारी त्यांचा गुडघा थडथडत होता. तेवढ्यात आमचा स्ट्रायकर एकटाच गोलकीपरसमोर पोचला. एरवी मागे घ्यायचो तो पाय मी पुढे केला. लाथ अशी बसली की शिनगार्डला तडा गेला. बॉल मात्र खांबाला लागून बाहेर गेला.

"माइन वेंट इन, हबीबी," कोच खाली बघत म्हणाले.

"गोलच होता, साहेब," मी मराठीतच म्हणालो. त्यांना कळलं असावं.

आठवड्याभरात ते क्लब सोडून गेले. नवे कोच पूर्वीचे गोलकीपर, हाताची घडी घालून बसणारे. त्यांच्या पहिल्याच मॅचला आमचा खेळाडू गोलसमोर आला आणि मी सवयीने पाय पुढे केला. काहीच लागलं नाही. फार वाईट वाटलं. घरी बायकोने शेकायला पाणी तापवून ठेवलं होतं. ते तसंच गार झालं.