चौथा पडदा लावला की

बारामतीत मी ज्या दुकानात काम करतो ते एका रसवंतीच्या वरच्या मजल्यावर आहे. कॉम्प्युटर जोडायचे, दुरुस्त करायचे, गावोगाव पोचवायचे. माझं घर इथून फार लांब, भंडाऱ्याकडे. नववीत शाळा सुटली, मग मिळेल ते काम करत करत इथवर आलो. दुकान चालवणाऱ्या ताईंनी मला घेतलं ते खोकी उचलायला. त्या शिकलेल्या इंजिनिअर. पण थोड्याच दिवसांत त्यांनी एक बंद पडलेलं मशीन माझ्यापुढे ठेवलं, हातात स्क्रूड्रायव्हर दिला आणि म्हणाल्या, "उघड. मोडलं तर मी आहे."

तोवर मला असं कुणी म्हटलं नव्हतं. तेव्हापासून एक भीती मनात बसली आहे ती बसलीच आहे. हे वाक्य एक दिवस त्यांना महागात पडेल, आणि ते माझ्यामुळे पडेल.

कळंबच्या पुढे, निरवांगीच्या रस्त्याला, डाळिंब आणि पेरूवाल्या शेतकऱ्यांच्या एका गटाने माल पॅक करायची मोठी शेड बांधली आहे. शेडच्या एका खोलीत त्यांनी भिंतभर चार मोठे पडदे लावले. एकावर सगळ्या प्लॉटांच्या ठिबकचे व्हॉल्व्ह, एकावर शेडमधले कॅमेरे, एकावर हवामान, एकावर लांबलांबच्या बाजारांचे भाव. हे चारही पडदे चालवणारं दणकट मशीन आमच्या दुकानातून गेलं होतं. दुकानात असताना आम्ही त्याच्यावर चार पडदे दिवसदिवस चालवून पाहिले होते, ते एकदाही कुरकुरलं नव्हतं. तिथे मात्र तीन पडद्यांपर्यंत ठीक. चौथा लावला की मशीन धाडकन बंद, आणि मग आपोआप पुन्हा चालू.

गटाचे प्रमुख, ज्यांना सगळे आबा म्हणतात, त्यांनी ताईंना फोन केला. "तुमचं मशीन परत न्या. बारामतीत दुकानांचा काय दुष्काळ न्हाय."

ताई म्हणाल्या, "माझा माणूस पाठवते. त्याच्याकडून नाही झालं तर मी स्वतः टेम्पो घेऊन येते आणि उचलून नेते."

माझा माणूस म्हणजे मी. आणि या पट्ट्यात एकाने घेतलं की बाकीचे घेतात, एकाने परत केलं की बाकीचे दार लावून घेतात, हे मला ठाऊक होतं. टेम्पोत नुसतं मशीन चढणार नव्हतं.

मी शेडवर पोचलो, तर खोलीच्या दारातच आवाज आला, "ओ, चपला भायेर!" त्या खोलीत देवळासारखं अनवाणीच जायचं. मी बूट काढले, जाड मोजे तसेच ठेवले, कारण लादी गार होती. आबा खुर्चीत बसले होते. सत्तरी ओलांडलेले, मिशा पांढऱ्या. म्हणाले, "बघा. काय करायचं ते करा, पर दुपारपातूर सांगा."

मी सगळं केलं. पडद्यांच्या केबल बदलल्या. मशीन उघडून चित्राचं कार्ड काढलं, पुसलं, पुन्हा बसवलं. पंखे पाहिले, गरम होतंय का पाहिलं. सॉफ्टवेअर काढून नव्याने घातलं. दर वेळी तीन पडदे हसत उभे राहायचे आणि चौथ्याला मशीन मान टाकायचं. मी भ्यालो की आमच्याकडचं 'जी' तोंडातून निसटतं. ते एकाने पकडलं. क्रेट घेऊन येता-जाता तो दारातून विचारायचा, "काय जी, झालं का जी?" मागून हसण्याचा आवाज. मी पण हसायचो. हसण्यावाचून काय करणार.

शेवटी ताईंना फोन लावला. मनातून वाटत होतं की त्या आता म्हणतील, राहू दे, मी टेम्पो आणते. त्या म्हणाल्या, "काय काय केलंस ते पहिल्यापासून सांग." मी सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग विचारलं, "तिथं हात लावला की कुणाला झिणझिण्या येतात का?"

मला तर आल्या नव्हत्या. तरी मी वळून खोलीत विचारलं.

"येत्यात की!" तो क्रेटवाला म्हणाला. "चारी लावल्यावर तर चांगलंच चावतं. म्हनून तर चौथ्याचं बटान आमी काठीनं दाबतो." कोपऱ्यात लिंबाची एक काठी होती. सकाळपासून मी ती पाहत होतो. मला वाटलं, कुत्र्यासाठी असेल.

"मग सांगितलं का नाही?"

तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी वेड्यासारखा प्रश्न विचारला. "आता मोटारीचा स्टार्टर बी चावतो. त्येचं कुनी सांगत बसतं व्हय?"

मला हे अजून आठवतं. विहिरीवरच्या स्टार्टरला लाकडी काठीने ढकलायचं, ओल्या हाताने जवळ जायचं नाही, हे इथल्या पोरांना चालायला लागल्यापासून कळतं. चावणं हा यंत्राचा स्वभावच आहे असं धरून चाललं की त्याची तक्रार राहत नाही. मीसुद्धा किती ठिकाणी असंच धरून चाललो होतो. कामावर शिव्या असतात, त्या असणारच. कुणी विचारलंच नाही, की बाबा, तुला चावतं का?

मला काही जाणवलं नव्हतं ते जाड मोज्यांमुळे; मी ते काढले. टेस्टर मशीनच्या पत्र्याला टेकवला, तो मंद पेटला. बोटाची मागची बाजू लावली तर लाल मुंग्या हातावरून पळाल्यासारखं झालं.

ताईंनी सगळ्यांना ऐकू जाईल असं फोनवरूनच समजावलं. प्रत्येक पडदा थोडा थोडा करंट अंगावर सोडतो. त्याला मातीत नेऊन सोडायचं काम अर्थिंगच्या वायरीचं. ती वाट बंद असली की चारही पडद्यांचं मिळून मशीनच्या अंगात तुंबतं आणि ते बंद पडतं. आबा लगेच म्हणाले, "म्हंजे पानी काढायची चारी बुजली की उसात पानी तुंबतं, तसं." ताई म्हणाल्या, "अगदी तसंच, आबा."

मग आम्ही हिरवी वायर धरून निघालो. ती खिडकीतून बाहेर, शेडच्या भिंतीने, पार बोअरपर्यंत गेली होती. बोअरच्या पाइपाला तिचे पाच-सहा वेढे, वर टेप, टेपवर हळदी-कुंकवाची बोटं. इतक्या निगुतीने बांधलेली अर्थिंग मी दुसरी पाहिलेली नाही. फक्त पाइप काळ्या प्लास्टिकचा होता. गेल्या उन्हाळ्यात गंजलेले लोखंडी पाइप काढून हे नवे टाकले, तेव्हा सोडलेली वायर कुणीतरी जिथल्या तिथे परत बांधली होती.

"कुणी बांधली?" मी विचारलं आणि विचारताच चूक कळली. सगळे आबांकडे बघत होते. आबा आकाशाकडे.

मी शेडच्या आडोशाला गेलो, आवाज खाली घेतला. "ताई, आबांनीच बांधलीय. आता सांगितलं तर चिडतील. मशीन जाईल."

"कुणी बांधली ते त्यांना सांगायचंच नाही," ताई म्हणाल्या. "कुठं बांधायची तेवढं सांग."

मी परत आलो. "आबा, या वायरीला लोखंड पाहिजे जी. प्लास्टिकातून ती मातीत उतरत नाही जी."

आबा उकिडवे बसले. पाइपावर बोटाच्या पेराने टकटक केलं. पुन्हा केलं. मग वेढ्यांवरून हात फिरवत म्हणाले, "म्याच बांधली. पर बांधलीय कशी बघा. बैल बी सुटायचा न्हाय."

"बैल न्हाय सुटला आबा," क्रेटवाला म्हणाला, "करंट सुटला!"

सगळे फुटले. मी आबांच्या मिशीकडे बघत थांबलो. ती हलली, तेव्हा कुठे हसलो.

"तुला लई हसू येतंय न्हवं?" आबा त्याला म्हणाले. "मग खड्डा तूच खांद."

त्याने खणला. बाकीचेही हात लावायला आले. काढून टाकलेल्या लोखंडी पाइपांतला एक धड तुकडा मिळाला, तो घासून खड्ड्यात उभा केला. भोवती कोळसा, मीठ, माती, वर पाणी. खोली किती, मीठ किती, हे ताई फोनवर सांगत होत्या. वायर मी क्लॅम्पने आवळली. माझ्या मागे उभं राहून आबांनी दोनदा ओढून पाहिली.

खोलीत गेलो. एक पडदा, दोन, तीन. आबांचा हात सवयीने काठीकडे गेला. मी टेस्टर लावून दाखवला, तो पेटला नाही. मग अनवाणी उभा राहून तळहात मशीनच्या पत्र्यावर सपाट ठेवला आणि म्हणालो, "लावा आबा. हाताने."

चौथा लागला. हाताखाली फक्त पंख्याची घरघर होती.

आम्ही बघत बसलो. व्हॉल्व्ह हिरवे, भाव वर-खाली, कॅमेऱ्यात एक मांजर क्रेटवरून चालत गेलं. चहा आला, मालाची गाडी भरून गेली, तरी मी उठेना. शेवटी आबाच म्हणाले, "आता जातोस का हितंच ऱ्हातोस?"

परतताना जंक्शन गावाच्या अलीकडे फोन वाजला. पडद्यावर आबांचं नाव. गाडी बाजूला घेतली. "आबा, मशीन?"

"मशीनला काय धाड भरलीय? त्या खड्ड्यात पानी रोज घालायचं का, एवढं सांग."

"उन्हाळ्यात घालत जा."

"बरं." फोन बंद.

मी तिथूनच ताईंना लावला. "ताई, टेम्पो नको. मशीन राहिलं."

"माहीत आहे. आबांनी मला आधीच सांगितलं."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, तुमचा मानूस लई घाबरट हाय. पर जागचा हालला न्हाय."

उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर संथ चालला होता. तो पुढे जाईपर्यंत मी फोन कानाला तसाच धरून उभा होतो, आणि पलीकडून ताईंनीही तो ठेवला नव्हता.